राशीवर ठेवायचं पान

आमच्या घरात इंग्रजी आलं ते पळसाच्या पानांबरोबर. आम्ही गुरव. गाव वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याशी. भैरोबाची पूजा आमच्याकडे, सांजेचा ढोल आमच्याकडे आणि गावात लग्न असो, बारसं असो की तेरावं असो, जेवायला लागणाऱ्या पत्रावळ्याही आमच्याच. त्यामुळे ओसरीवर कायम पानांचा ढीग आणि त्या ढिगात मी. समोर आमचे हे बसायचे. भोरच्या हायस्कुलात इंग्रजी पाचवीपर्यंत शिकून आलेला माणूस. नुसती पानं टाचत बसणं त्यांच्या जिवावर यायचं. हात पानाला आणि तोंडाने इंग्रजी, असा आमचा संसार सुरू झाला. जर्मनची दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

मी मराठी चौथी शिकलेली. आमच्याकडे तेवढं शिकलेली सून म्हणजे नवलच होतं, आणि मला त्याचा तोरा होता हे कबूल करते. ह्यांनी एखादा शब्द सांगितला की मी तो दुसऱ्या दिवशी बिनचूक म्हणून दाखवायची. ह्यांच्या भोरच्या मास्तरांची एक रीत होती. एका अर्थाचे सगळे शब्द एका दोरीत ओवायचे आणि पोरांकडून ते माळेसारखे घोकून घ्यायचे. चालण्याची माळ, बोलण्याची माळ, रडण्याची माळ. ह्यांच्या आवडीची माळ होती मागण्याची.

मधोमध ‘आस्क’. त्याच्या खालच्या अंगाला ‘रिक्वेस्ट’, मग ‘बेग’, ‘एन्ट्रीट’, ‘बिसीच’, ‘इम्प्लोर’. वरच्या अंगाला ‘डिमांड’, ‘क्लेम’, ‘चॅलेंज’. जसजसं खाली उतरावं तसतशी मान खाली, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. जसजसं वर चढावं तसतशी छाती पुढे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.

“येवढे शबूद कशाला वो? सायबाला मागायची लईच सवय दिसतीया,” मी म्हटलं.

“तुला गंमत वाटते. प्रत्येकाची छटा वेगळी आहे,” हे म्हणाले. भोरहून आल्यापासून हे असंच पुस्तकी बोलत. गावातली बाया-माणसं मागे हसायची, पण मला ते ऐकत राहावंसं वाटे.

प्रत्येक शब्दाला मास्तरांनी एकेक वाक्य दिलं होतं आणि ती वाक्यं ह्यांना तोंडपाठ होती. आज्ञाधारक विद्यार्थी गुरुजींना विनंती करतो, ती ‘रिक्वेस्ट’. गरीब विधवा राजापुढे कळवळून गाऱ्हाणं मांडते, ते ‘बिसीच’. आणि ‘डिमांड’? दरोडेखोर वाटसरूला अडवून थैली मागतो. ‘चॅलेंज’ म्हणजे शत्रूचा राजा वेशीवर उभा राहून ललकारतो. ‘क्लेम’ म्हणजे आपल्या हक्काचं मागणं, पण त्याचं वाक्य ह्यांना कधी आठवलंच नाही. म्हणजे चांगली माणसं सगळी खालच्या अंगाला आणि वरच्या अंगाला चोर-दरोडेखोर. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. शाळेतल्या वाक्यांवरून कुणाचं घर बुडत नाही, असंच मी समजत होते.

आता बलुत्याविषयी सांगायला हवं. गावाची वर्षभर सेवा करायची आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून धान्याचा आपला वाटा घरी न्यायचा, हे बलुतं. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव, सगळ्यांचं तसंच. आमची जमीन म्हणजे देवळामागचा उताराचा तुकडा, त्यात नाचणी आली तर आली. घर चालायचं ते बलुत्याच्या भातावर. तो भात आला नाही तर आषाढात चूल कशी पेटणार, हे मला लग्न होऊन आले त्याच वर्षी कळलं होतं.

माझे सासरे बलुतं कसं आणायचे ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भात झोडून, वारवून रास घातली की निरोप यायचा. मामंजी अंगावर घोंगडी टाकून, हातात देवाच्या पूजेतलं बेलाचं पान घेऊन निघायचे. खळ्यावर पाय ठेवला की कुणाशी बोलायचे नाहीत. थेट राशीपाशी जायचे, माथ्यावर पान ठेवायचे, बाजूला घोंगडी पसरायचे आणि बसायचे. गुरवाचं पान राशीवर असेतो त्या राशीला माप लावायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. राशीच्या धन्याने गुरवाच्या घोंगडीत सूप रिकामं करायचं, मग गुरवाने आपल्या हाताने पान उचलायचं, आणि त्यानंतर पहिली पायली भरायची. देणाऱ्याने देतो म्हणायचं नाही, घेणाऱ्याने द्या म्हणायचं नाही. कुणी फारच रेंगाळला तर मामंजी एकदा खाकरायचे. तेवढं पुरायचं.

पाटलाच्या खळ्यावरही ते असेच जायचे आणि पाटील त्यांना “या गुरव” म्हणून पुढे व्हायचा.

एका दसऱ्यानंतर मामंजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. बोलणं जड झालं, पण डोकं होतं तसंच खणखणीत. पूजेचं आणि ढोलाचं काम ह्यांच्या गळ्यात पडलं आणि पाठोपाठ सुगी आली. हे खळ्यांवर निघाले. स्वच्छ सदरा, डोक्यावर काळी टोपी, हातात पान. मी दारातून बघत राहिले. माझा नवरा फार देखणा दिसत होता.

दिवस मावळायच्या आत हे परत आले तेव्हा बरोबर पाटलाचा गडी, आणि दोघांच्या डोक्यांवर ओझं. मामंजी आणायचे त्याहून कितीतरी जास्त. गडी म्हणाला, “समद्यांनी हात सैल सोडला बगा. काय ग्वाड बोलत्यात तुमचं धनी!” मी हरखून गेले. सासूबाई नव्हत्या, त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नाहीतर त्यांनी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या असत्या.

मामंजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी धान्याकडे पाहिलंच नाही. ह्यांना विचारलं, “पान कुटं ठिवलंस?”

“धन्याच्या हातात दिलं,” हे म्हणाले. “दुसऱ्याच्या राशीवर न विचारता कसं ठेवायचं? नमस्कार केला, म्हटलं, आपल्या कृपेने जे द्याल ते. सगळे खूश झाले, आबा.”

मामंजींनी डोळे मिटले. त्यांच्या वाकड्या तोंडातून एवढंच आलं, “ग्येलं.”

“काय गेलं? यंदा तर जास्त आलंय!”

मामंजींनी घोंगडी अंगावर ओढली. मलाही वाटलं, म्हातारपणी मुलाचं कौतुक सोसत नाही माणसाला. मी त्यांना त्या दिवशी जरा घुश्शातच पेज दिली.

पुढची सुगी आली आणि त्यांचं म्हणणं काय होतं ते हळूहळू उलगडू लागलं. कुठल्या खळ्यावर “बगू, मापं झाल्यावर या”, कुठे “औंदा पीक बेताचं हाय, गुरव, समजून घ्या.” पीक बेताचं असलं तरी सुताराला त्याचा वाटा मिळत होता, लोहाराला मिळत होता. त्यांना कुणी समजून घ्या म्हणत नव्हतं. पाटलाच्या खळ्यावर तर हे सकाळी गेले ते ऊन कलेपर्यंत कडेच्या आंब्याखाली उभे. पोती शिवून झाली, बैलगाडी भरली, मग पाटलाने खळ्याचा तळ झाडून सूपभर भात ह्यांच्या उपरण्यात ओतला. फोल दाणे आणि माती धरून. वर बायकोला म्हणाला, “गरिबाला दिलं का देव देतो.”

हे सगळं पाटलाच्या गड्याने मला सांगितलं. ह्यांनी नाही सांगितलं. ह्यांनी घरी येऊन सूप घेतलं आणि निमूट तो भात पाखडायला बसले. मी ते सूप हिसकावून घेतलं. माझ्या अंगाची लाही झाली होती. गरीब? भैरोबाचा गुरव गरीब कधीपासून झाला? आम्ही गावात कुणापेक्षा श्रीमंत कधीच नव्हतो, पण गरीब म्हणून कुणी आम्हाला काही घातलं नव्हतं.

आणि गंमत अशी की आमच्याकडून न्यायचं ते मात्र सगळे पूर्वीसारखंच नेत होते. “परवा वरात येतीया, पत्रावळ्या तयार ठिवा.” बस, हुकूम. तिथे कुणी कृपा म्हणत नव्हतं. मी पानं टाचता टाचता बोटं सोलून घ्यायची आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालायची. त्या वर्षी आषाढ लागायच्या आत कणगी खरवडायची वेळ आली. मी माहेराहून नाचणी आणली आणि माहेरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

ह्यांच्याशी भांडावं तर भांडण लागायचं नाही. “लोकांना चांगुलपणा कळत नाही, त्याला मी काय करू? म्हणून मी दरोडेखोरासारखं वागू?” असं म्हणायचे आणि ढोल काढून देवळाकडे चालू लागायचे. चांगुलपणाशी भांडायचं कसं, ते मला समजत नव्हतं.

श्रावण सरला आणि एके दिवशी दुपारी पाटील देवळात आला. त्याच्या मुलीला विंझरकडचं स्थळ सांगून आलं होतं; देवाचा कौल घ्यायचा होता. कौल म्हणजे देवाच्या ओल्या पाषाणावर दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवायच्या, आणि आधी उजवी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. देवाला प्रश्न घालायचा तो गुरवाने. गाव स्वतः विचारत नाही. मी पायरीवर पानं निवडत होते.

पाटील हात जोडून उंबऱ्याबाहेर उभा. ह्यांनी पाकळ्या लावल्या, मागे सरकले आणि बोलायला लागले. ह्यांचा तो आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा नीट कान देऊन ऐकला. पुस्तकी बोलणं पार गळून गेलं होतं.

“भैरोबा, लेकरू दारात आलंय. सोयरीक जुळवू का नगं, त्ये सांग. रोजची पूजा घेतोस, निवद घेतोस, मग सांगायला काय झालं? उजवा दे न्हाईतर डावा दे, पन गप बसायचं न्हाई. म्या हितनं हलायचा न्हाई.”

पाकळ्या हलेनात. हे एकदा गरजले, “आरं, सांग की!” आणि उजवी पाकळी सुटून खाली आली. पाटलाने ह्यांच्या पायाला हात लावला, पोरीच्या नावाने नारळ फोडला आणि खुशीत निघून गेला.

मी पानं तशीच टाकून आत गेले. गाभाऱ्यासमोर हे घाम पुसत बसले होते.

“आवं,” मी म्हटलं, “देवाला दरडावता, आन् ज्यो देवाच्या दारात हात जोडून हुबा ऱ्हातो, त्येच्या खळ्यावर तुमी हात जोडता? ह्ये कसं काय?”

मला वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत. खाली पडलेली पाकळी त्यांनी उचलून देवापुढे ठेवली. मग म्हणाले, “देव आपला आहे. त्याच्याशी बोलायला मी आबांच्या मांडीवर शिकलो.”

“आन् मान्सांशी?”

“माणसांशी भोरला शिकलो.”

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे लग्नाला इतकी वर्षं होऊनही सांगितलं नव्हतं. भोरला हे एका कचेरीतल्या कारकुनाच्या घरी राहायचे, एवढं मला ठाऊक होतं. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, त्या बदल्यात मागल्या पडवीत झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण. घर वाईट नव्हतं, मारझोड नव्हती. फक्त तिथे आपण होऊन कुणी वाढायचं नाही. सगळ्यांची पंगत उठली की ह्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहायचं आणि म्हणायचं, “काकू, वाढता का?” एखाद्या दिवशी लाज वाटून म्हटलं नाही तर झाकपाक होऊन जायची. शाळेची नादारी, म्हणजे फीची माफी, मिळवायला हेडमास्तरांपुढे हात जोडायचे. दिव्याला तेल, जुनं पुस्तक, फाटकी वही, सगळ्याला हात जोडायचे.

“चांगलं बोललं की मिळतं, हे मी तिथे पोटाने शिकलो,” हे म्हणाले. “तिथे माझं असं काहीच नव्हतं गं. पाणी भरून हाताला घट्टे पडले तरी जेवण माझं नव्हतं. आणि शाळेत मास्तर ती माळ म्हणून घ्यायचे, तेव्हा वाटायचं, हे खालचे सगळे शब्द माझे आणि वरचे दुसऱ्या कुणाचे तरी.”

इतके दिवस मी ज्याच्यावर चिडत होते, तो चांगुलपणा नव्हता. ती एका मुलाची भूक होती, आणि ती सदरा-टोपी घालून आमच्या गावात आली होती. माझा सगळा राग एकदम त्या न पाहिलेल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. तरी मी एवढं म्हटलंच, “भोरचं ताट तुमचं नव्हतं, खरं. पन खळं? खळं कुनाचं हाय?”

त्यांनी उठून पूजेचं तबक घासायला घेतलं.

त्या सुगीला पाटलाकडून रास घातल्याचा निरोप आला नाही; आला तो माप लावायची वेळ झाल्याचा. हे निघाले तशी मीही मामंजींची घोंगडी खांद्यावर टाकून, पाटीत पूजेतलं बेलाचं पान घेऊन मागोमाग निघाले. आमच्यात बायका बलुत्याला खळ्यावर जात नाहीत. मामंजींनी मला जाताना पाहिलं आणि अडवलं नाही.

खळ्यावर रास घातलेली होती. पाटील पायली हातात घेऊन उभा. ह्यांना बघून, ह्यांच्या पुस्तकीपणाला हसत म्हणाला, “या मास्तर. टेका आंब्याखाली. बगू सांजच्याला.”

हे थांबले. मी मागेच होते, मला ह्यांचे हात दिसत होते. ते दोन्ही हात जवळ जवळ येत होते, सवयीने, आपोआप. मला वाटलं, आता जुळणार. पाटीतलं बेलाचं पान मी काढलं आणि मागून त्या दोन हातांच्या मध्ये धरलं. ह्यांनी ते घेतलं. मग आंब्याकडे न जाता सरळ राशीपाशी गेले, वाकले आणि माथ्यावर पान ठेवलं. माझ्या खांद्यावरची घोंगडी घेऊन पसरली आणि बसले.

पोती धरणारे गडी थांबले. पाटलाची बायको भाकऱ्यांची दुरडी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

“ह्ये काय?” पाटील म्हणाला. “आमच्या राशीवर न इचारता?”

“इचारायचं असतं व्हय?” हे म्हणाले. आवाज भोरचा नव्हता, देवळातला होता.

“आन् न्हाई दिलं तर?”

घोंगडीचा चुरगळलेला कोपरा ह्यांनी नीट केला आणि राशीकडे बघत बसून राहिले. पाटलाच्या हातात पायली होती आणि पान राशीवर होतं. ऊन चढत गेलं. गडी एकमेकांकडे बघू लागले. पाटलाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पानाकडे. ते पान त्याला फुंकरीनेही उडवता आलं असतं. कुणाची छाती झाली नाही, त्याचीही नाही. शेवटी त्याच्या बायकोनेच दुरडी खाली ठेवली, सूप उचललं, राशीत खुपसलं आणि ह्यांच्या घोंगडीत ओतलं. मग पुन्हा, आणि पुन्हा, मामंजींच्या वेळी घोंगडी भरायची तितकं.

हे उठले, पान उचलून टोपीत खोचलं. मी घोंगडीच्या गाठी मारल्या. ओझं डोक्यावर द्यायच्या आधी मी ह्यांना क्षणभर धरून उभी राहिले. बाकीच्या खळ्यांवर आम्ही पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिथे कुणी ‘बगू’ म्हटलं नाही.

सांजेला मी नव्या भाताचे तांदूळ कांडून शिजवले. मामंजींना भिंतीपाशी पाट दिला. ते डाव्या हाताने जेवायचे. हेही पाटावर बसले. मी चुलीपाशी पाठमोरी होते आणि वाट बघत होते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून हा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला, रोज दोन्ही वेळा “वाढतेस का?” असं विचारत आला होता. शेजारणी माझा हेवा करायच्या. मलाही ते सभ्यपण वाटायचं. तो प्रश्न कुणाच्या दारात उभा राहून शिकलेला आहे, ते मला देवळातल्या त्या दुपारी कळलं होतं आणि तेव्हापासून तो मला ऐकवत नव्हता.

मागून ताट सरकल्याचा आवाज आला.

“भात वाढ,” हे म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या बाईला राग आला असता. मी भात वाढला, आणि माझे डोळे भरून आले ते मी पदराने पुसले नाहीत. मामंजींनी घास तोंडापाशी थांबवला, मुलाकडे पाहिलं आणि जड जिभेने मला म्हणाले, “आजून वाड त्येला.”